वाईट नावाचा चांगला रिपोर्ट

माझ्या आजाराचं नाव माझ्या नवऱ्याला माहीत होतं, भावाला माहीत होतं, पुण्याच्या नणंदेलाही फोनवरून कळलं होतं. फक्त मला माहीत नव्हतं. असे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत सगळे माझ्याशी इतकं गोड बोलत होते की मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या घरात एरवी कुणी गोड बोलत नाही.

मी शैला. तेव्हा माझं वय चव्वेचाळीस होतं. साताऱ्यात आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. नवरा सैन्यात ट्रक चालवायचा. तो पेन्शनीत आल्यावर आम्ही दोघांनी मिळून हे सुरू केलं. मी त्यांना फौजी म्हणते, आता सगळी गल्ली म्हणते. पुरुष त्यांच्याकडे शिकतात, बाया माझ्याकडे. मुलगी ऋतुजा त्या वर्षी बारावीला होती. सासूबाई आमच्याजवळच. एवढं आमचं घर.

हे लिहितेय ते अशा माणसासाठी, ज्याच्या हातात नुकताच एक कागद पडलाय आणि त्यावरची अक्षरं वाचून हातपाय गार पडलेत. मी डॉक्टर नाही. माझं झालं तसंच तुमचं होईल असं तर मुळीच सांगणार नाही, आणि का सांगणार नाही ते पुढे येईलच.

पट्ट्याचा वळ

एक शिक्षिका माझ्याकडे गाडी शिकत होत्या. यवतेश्वरच्या घाटात समोर म्हैस आली आणि बाईंनी कचकन ब्रेक मारला. सीटबेल्ट होता म्हणून काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले तर खांद्यापासून पार कमरेपर्यंत पट्ट्याच्या आकाराचा काळानिळा वळ. बाई आठवडाभर माफी मागत होत्या. मी म्हटलं, अहो, म्हशीनं मागायला पाहिजे.

पण वळ जाईना. मग पायावर उठले, दंडावर उठले, काही न लागता. दात घासताना गुळणी लाल यायला लागली. आमच्या ऑफिसला चौदा पायऱ्या आहेत. आठव्या पायरीवर मला बसावं लागायचं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटायचं मी फोनवर बोलायला बसते. मी पण तसंच भासवायची, कानाला मोबाईल लावून.

नेहमीच्या डॉक्टरांनी पाळी जायचं वय म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दीड महिना खाल्ल्या. मग रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सहा, आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे बाकी दोन्ही आकडेही पडलेले. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, नुसतं रक्त कमी असतं तर एकच आकडा पडला असता. तिन्ही पडलेत. तुम्ही इथं थांबू नका."

सांगलीला गेलो, कारण माझं माहेर माधवनगरचं. धाकटा भाऊ सुरेश तिथं कापडाचा लूम चालवतो. राहायची सोय होती.

चार दिवस

कमरेच्या हाडातून मगज काढून तपासतात. भूल देतात, तरी शेवटी एक क्षण असा येतो की आतून कुणीतरी जीवच ओढून घेतंय असं वाटतं. मी ओरडले नाही. सिस्टर म्हणाली, "ओरडा की मावशी, सगळे ओरडतात." तेव्हा मात्र ओरडले. बरं वाटलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी फौजी आणि सुरेश दोघेच आत गेले. मला बाहेर बाकावर बसवलं. बाहेर आले तेव्हा फौजी हसत होते. हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोत हसलेला नाही.

"डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. रक्त तयार करायचं मशीन जरा बिघडलंय. दोन बाटल्या रक्त चढवायचं, गोळ्या घ्यायच्या, झालं."

रक्त चढवून मी सुरेशच्या घरी आले. भावजय विचारायची, ताई, काय करू खायला? सुरेश लूम सोडून घरी बसायचा. फौजी रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन फोन करायचे. चौथ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना मी त्यांची बॅग उघडली. फाईल कपड्यांच्या खाली, टॉवेलात गुंडाळून ठेवली होती.

इंग्रजी मला कामापुरतं येतं. आरटीओचे फॉर्म भरून भरून आलेलं. त्या कागदावरचं निम्मं कळलं नाही. पण वर कोपऱ्यात विभागाचं नाव होतं, त्यात ऑन्कॉलॉजी हा शब्द होता. तो कळला. कॅन्सरचा विभाग.

मी रडले नाही हे सांगताना मला मोठेपणा मिरवायचा नाही. मला एवढा राग आला होता की रडायला जागाच नव्हती. फौजी टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि मी फाईल त्यांच्यासमोर धरली.

"हे माझं हाड हाय. माझ्या हाडातनं काढलंय. आणि सगळ्या जगाला सांगून झाल्यावर मला सांगणार होता?"

"शैला, तुला झेपलं नसतं."

"पंधरा वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून गाडी खाली आणतीय मी घाटातनं. मला काय झेपतं ते तुमी ठरवायचं न्हाई."

ते तसेच ओल्या अंगाने खुर्चीत बसले. आणि मग तेच रडायला लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बघितलं. मी त्यांना शर्ट दिला आणि म्हटलं, उद्या मी एकटी जाणार आत.

पहिलं नाव

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान, भरभर बोलणाऱ्या. मी एकटी आत गेले तेव्हा त्यांनी दाराकडे बघितलं. म्हटलं, कुणी येणार नाही, मला सांगा.

"तुम्हाला अजून सांगितलं नाही?"

"न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं. हाडातल्या मगजात अपक्व पेशी वाढल्या आहेत, शंभरात बारा. या आजाराला एमडीएस म्हणतात. तो ब्लड कॅन्सरच्याच घरातला, पण ल्युकेमियाच्या अलीकडचा. महिन्यातून सात दिवस इंजेक्शन घ्यायचं, अधूनमधून रक्त चढवायचं, आणि तुमचं वय बघता पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याचा निरोगी मगज घालायचा. त्यासाठी सख्ख्या भावाची तपासणी करायची. "पण एक रिपोर्ट बाकी आहे," त्या म्हणाल्या. "जनुकांचा. तो बाहेर पाठवलाय, दोन-तीन आठवडे लागतील. तो येईपर्यंत मी हे नाव पेन्सिलीने लिहिलंय असं समजा."

सुरेशने त्याच दिवशी तपासणीला रक्त दिलं. दंडाला कापसाचा बोळा धरून बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, काय लागंल ते घे माझ्यातलं." लहानपणी तो माझ्या ताटातला पापड पळवायचा. मी म्हटलं, लई दिवसांनी परत करतोयस.

दुसरं नाव

अठराव्या दिवशी फोन आला, सगळे या. या वेळी मी मधल्या खुर्चीवर बसले आणि ते दोघे कडेला.

मॅडम म्हणाल्या, "शैलाताई, नाव बदललं. हा एमडीएस नाही. ॲक्यूट ल्युकेमिया आहे, एएमएल."

मग फौजींनी विचारलं, "म्हंजे आता कॅन्सर झाला?"

"आता झाला नाही. होता तोच आहे. नीट ओळख आत्ता पटली."

सुरेश मात्र पुढे सरकून बसला. "मॅडम, पंधरा दिवसांमागं तुमीच म्हणाला ल्युकेमिया न्हाई. बाराचं वीस झालं का?"

"बाराच आहे."

"मग?"

मॅडमनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून नाव ठरवायचे. वीसच्या वर ल्युकेमिया, खाली दुसरं काही. ती रेघ माणसांनीच सोयीसाठी मारलेली. आता पेशीच्या आत काय बिघडलंय ते बघता येतं. माझ्या पेशींत एनपीएम-वन नावाच्या जनुकात बदल सापडला होता. तो सापडला की आकडा विसापर्यंत पोचायची वाट बघत नाहीत, कारण हा आजार थांबत नाही. आज बारा असेल, महिन्या-दोन महिन्यांत कितीही होईल.

"पण," मॅडमनी कागदावर पेन टेकवलं, "केमोला सगळ्यात चांगली दाद देणारे जे प्रकार आहेत, त्यांतला हा एक. आणि याच्या जोडीला कधीकधी एक वाईट बदल येतो, तो तुमच्यात नाही. केमो नीट लागू पडली तर कदाचित ट्रान्सप्लांट लागणारही नाही."

मी म्हटलं, "म्हंजे नाव वाईट आलं, पण रिपोर्ट चांगला आला?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "अगदी असंच."

सुरेश हसला नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माझ्यावरच चिडला. पहिला रिपोर्ट घेऊन तो सांगलीतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी सांगितलं होतं, बारा टक्के म्हणजे ल्युकेमिया म्हणता येत नाही, घाई करू नका. "आणि ह्या बाई म्हणत्यात, महिनाभर ॲडमिट करून जालीम केमो द्यायची. मी माझा मगज द्यायला तयार हाय की. मग तुझी केसं का घालवायची? जीव का घालवायचा? एका अक्षरापायी?"

मला तेव्हा उमगलं की तो मॅडमवर चिडलेला नाही. ताईला मी वाचवणार, असं त्याने मनाशी ठरवलं होतं आणि कुणीतरी त्याच्या हातातून ते काम काढून घेतलं होतं.

"त्या डॉक्टरांनी हा दुसरा कागद बघितलाय का?" मी विचारलं.

"कसा बघतील? आजच आलाय."

"मग जाऊन दाखव. उद्या संध्याकाळपर्यंत. परवा मी ॲडमिट होणार. ते हो म्हणाले तरी, न्हाई म्हणाले तरी."

"आणि न्हाई म्हणाले तर?"

"तर तू माझ्याशी भांडायला दवाखान्यात ये. डबा घेऊन ये येताना."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज बसला होता. ते डॉक्टर कागद बघून म्हणाले होते, हा रिपोर्ट माझ्यासमोर असता तर मीही तेच नाव दिलं असतं, वेळ घालवू नका. माणूस सरळ होता. आधीचं आपलं म्हणणं धरून बसला नाही. अशी माणसं भेटली याला मी माझ्या आजारातली मोठी सोय मानते.

"तुमच्याकडनंच आलंय"

ॲडमिट व्हायच्या सकाळी दवाखान्यात बसले असताना नणंदेचा फोन आला. चौकशी केली, देवाला बोलले म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली, "वहिनी, जीनमधलं हाय म्हणे. म्हंजे तुमच्या माहेरचंच असणार. ऋतुजाचं कुठं बोलू नका बरं का. उद्या स्थळं यायची तिला."

मी म्हटलं, "ताई, पोरगी बारावीला हाय. स्थळं तुमची तुमीच ठेवा." आणि फोन ठेवला.

पण ऋतुजा दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. हो, नाही, जेवले, अभ्यास करतेय, एवढंच. ती साताऱ्यात सासूबाईंजवळ होती. मी व्हिडिओ कॉल लावला. ती कॅमेरा वर छताकडे धरून बसली होती.

"आत्याबाई काय म्हणाल्या तुला?"

कॅमेरा छतावरच राहिला.

"ऋतू, छताशी बोलू का मी?"

मग तिचा आवाज आला. "आई, मला पण होणार का?"

सतरा वर्षांची पोरगी हे पोटात घेऊन फिजिक्सची प्रॅक्टिकल देत होती. मी तशीच फोन घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. बाहेर रांग होती, तरी गेले. म्हटलं, दोन मिनिटं माझ्या मुलीला द्या.

मॅडमनी फोन हातात घेतला. "ऋतुजा, जनुक म्हटलं की आईकडून मुलीला, असं वाटतं ना? तुझ्या आईचा हा बदल जन्मापासूनचा नाही. एवढ्या वर्षांत हाडातल्या एका पेशीत कुठंतरी नक्कल उतरवताना चूक झाली आणि त्या पेशीची पिलावळ वाढली. ती चूक त्या पेशीतच आहे. आईला तिच्या आईकडून आलेली नाही आणि तुला जाणार नाही. कळलं?"

"हो."

"मग तोंड दाखव आईला."

कॅमेरा खाली आला. डोळे सुजलेले होते. मी तिला म्हटलं, केस विंचर आधी. आम्ही दोघी हसलो. नणंदेला मी पुढे कधीतरी माफ केलं. पण जीन हा शब्द न समजता घरोघर सांगत फिरणाऱ्यांना अजून केलेलं नाही.

वॉर्डातले दिवस

पहाटे पाचला रक्त घ्यायला यायचे. दहाला आकडे यायचे. सगळा वॉर्ड त्या आकड्यांवर जगायचा, जसं निकालाच्या दिवशी शाळेत असतं तसं. तुझी प्लेटलेट किती? माझी नऊ हजार. अगं, काल तर बारा होती.

दंडातून एक बारीक नळी आत घातली होती. सात दिवस तिच्यातून औषध अखंड जायचं, आणि पहिले तीन दिवस शिवाय एक लाल औषध. लघवी लाल व्हायची. कुणी आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच पडले असते, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. तोंडात फोड आले. पाण्याचा घोट काचेसारखा लागायचा. ताप आला तेव्हा पाच दिवस उतरला नाही आणि त्या पाच दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. फौजी सांगतात की मी त्यांना सारखी क्लच सोडा म्हणत होते.

केस सोळाव्या दिवशी गेले. उशीवर पुंजके दिसायला लागल्यावर मी सिस्टरला मशीन आणायला लावलं आणि सगळेच काढून टाकले. फौजी शेजारी उभे होते. म्हणाले, "रिक्रूट दिसतीयास." मी कडक सॅल्यूट मारला. नळीचा हात होता, दुखला.

प्लेटलेट द्यायला माणसं लागतात. एकेकाला मशीनवर तासाभराहून जास्त बसावं लागतं. सुरेश पहिला उभा राहिला, तर त्याला परत पाठवलं. पुढेमागे त्याचाच मगज घ्यायची वेळ आली तर माझ्या अंगाने त्याचं रक्त आधीच ओळखून नाकारायला नको, म्हणून सख्ख्या भावाचं चालत नाही. बिचारा आणखी खचला. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून एक जीप आली. फौजींच्या पलटणीतले पाच जण, सगळे निवृत्त. त्यातल्या दोघांचं वय जास्त म्हणून नाकारलं, तर ते रक्तपेढीवाल्याशी भांडायला लागले. तिसरा पास झाला. आणि त्यांच्याबरोबर एक बाई उतरल्या. यवतेश्वरला ब्रेक मारणाऱ्या त्याच शिक्षिका. त्यांचा गट जुळला. काचेच्या बाहेरून त्यांनी मला दंडावरची पट्टी दाखवली.

सुरेशला मी एक काम लावलं. रोज डबा आणायचा, साधा, ताजा, नीट शिजवलेला, कच्चं काही नाही. माधवनगरहून तो दोन्ही वेळा यायचा. आत एकालाच सोडत, आणि ते फौजी होते, म्हणून हा काचेतून बघून जायचा. तीस दिवसांत एकदाही चुकला नाही.

गंगव्वा

शेजारच्या खाटेवर जतकडच्या गंगव्वा होत्या. साठीच्या पुढच्या. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, निम्मं बोलणं कानडी. त्यांच्या फाईलवरही तीच तीन अक्षरं होती, एएमएल. आम्ही दोघी एकाच दिवशी ॲडमिट झालो. मी त्यांना म्हणायचे, आपण एका बॅचच्या. त्या मला अक्का म्हणायच्या.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा जनुकांचा रिपोर्ट आला. मॅडम त्यांच्या खाटेवर बसून हळू बोलल्या. मुलगा उभा होता. मला सगळं ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा दिसला. वर नाव एकच, पण खाली वेगळाच बदल निघाला होता. औषधाला न जुमानणारा. मॅडमनी काहीच लपवलं नाही. पहिल्या केमोने फार फरक पडलेला नव्हता. पुढची जोरदार केमो शरीराला झेपणार नाही. सौम्य औषधावर आजार थोडे महिने धरून ठेवता येईल, तेही घराजवळच्या दवाखान्यात.

मुलगा म्हणाला, "मॅडम, दुसरीकडं नेतो. कुठं पण नेतो."

गंगव्वांनी त्याचा हात धरला. "गप रं. मला विचारलंयस का? मला घरी जायाचं हाय."

मॅडम गेल्यावर मी गंगव्वांकडे बघू शकत नव्हते. माझा कागद आठवत होता. मी काय वेगळं केलं होतं? काहीच नाही. मी त्यांच्यापेक्षा सज्जन नव्हते, धीराची नव्हते, माझी प्रार्थना त्यांच्यापेक्षा मोठी नव्हती. माझ्या पेशीत एक चूक झाली होती, त्यांच्या पेशीत दुसरी. बस.

मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मागून त्यांचा आवाज आला.

"अक्का, भिताडाकडं काय बघतीस? हिकडं बघ."

मी वळले.

"माझा कागूद वाईट आला म्हणून तू तोंड पाडू नगंस. तुझा चांगला आलाय न्हवं? मग चांगली हो की. मला बघून रडायला तुला काय पगार हाय?"

तीन दिवसांनी त्या गेल्या. सिस्टरने व्हीलचेअर आणली होती. त्यांनी ती मुलाकडे ढकलली, त्यावर पिशवी ठेव म्हणाल्या, आणि हिरवं लुगडं सावरत चालत गेल्या. दाराशी दम खायला थांबल्या, पण वळून बघितलं नाही. चार महिन्यांनी मुलाचा फोन आला. शेवटपर्यंत मेंढरं मोजत होती म्हणाला, खाटेवरून.

लोक मला म्हणतात, तू जिद्दीने बरी झालीस. मी तिथल्या तिथे थांबवते त्यांना. जिद्द गंगव्वांची माझ्याहून मोठी होती. ज्यांचा रिपोर्ट वाईट येतो, ते कमी लढतात म्हणून जात नाहीत. हे वाक्य मी हळदी-कुंकवात म्हटलंय, लग्नाच्या मांडवात म्हटलंय, समोरच्याला आवडो न आवडो. जिद्दीचा उपयोग मला एवढाच झाला की मी माझ्या कागदावरचं प्रत्येक अक्षर विचारून घेतलं.

सापडलं नाही

महिन्याने मगज पुन्हा तपासला. अपक्व पेशी गेल्या होत्या. पण खरी परीक्षा दुसऱ्या केमोनंतर होती. सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते शोधायचं, म्हणजे रक्तात तो एनपीएम-वनचा बदल कुठे उरलाय का. उरला असेल तर ट्रान्सप्लांट. नसेल तर आणखी दोन केमो घेऊन थांबायचं. सुरेश पूर्ण जुळला होता. त्याचं सगळं तयार होतं.

रिपोर्ट घ्यायला या वेळी सुरेश माझ्याबरोबर आत आला. मॅडमनी कागद माझ्याकडे वळवला. वाचा म्हणाल्या. मी बोट ठेवून वाचलं. नॉट डिटेक्टेड.

"म्हंजे सापडलं न्हाई?" सुरेशने विचारलं.

"नाही सापडलं. म्हणजे शंभर टक्के गेलं असं नव्हे. आमच्या चाचणीला दिसत नाही एवढं कमी झालं. ट्रान्सप्लांट आत्ता नको."

"म्हंजे माझं कायच नको?"

"नको. देव करो, कधीच नको."

बाहेर येऊन तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. मला वाटलं आनंदाने. बघते तर हुंदके देत होता. लोक बघत होते. मी शेजारी बसले, टक्कल, तोंडाला मास्क.

"एवढं दीस नुसता डबा आणला गं मी. काय केलंच न्हाई तुझ्यासाठी."

मी त्याला म्हटलं, "सुऱ्या, तोंडातनं पाणी जात नव्हतं तेव्हा तुझ्या बायकोची मऊ खिचडी गेली. तेवढीच गेली. काय केलं न्हाई म्हणतोस, लाज वाटू दे."

मग आम्ही दोघं रिक्षाने माधवनगरला गेलो आणि मी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर झोपले.

आता

त्याला आता दोन वर्षं होत आली. केस आले, आधीपेक्षा कुरळे. ऋतुजा कऱ्हाडला शिकते, दर रविवारी भांडते, सगळं सुरळीत आहे. मी पुन्हा गाडीवर जायला लागले तेव्हा फौजींनी सुरुवातीला मागच्या सीटवर बसून यायचा हट्ट धरला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पोवई नाक्यावर उतरवलं आणि पुढे गेले.

दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, तीच चाचणी. बदल परत दिसला तर पेशी वाढायच्या आधीच कळेल. म्हणजे ज्या तपासणीने माझं नाव बदललं तीच आता माझ्यावर नजर ठेवते. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतात. पहिल्या वेळी ते दिवस आमच्या घरात कुणी टीव्हीसुद्धा लावला नाही. फौजी देवासमोरून उठत नव्हते, सासूबाई दाराशी आलेल्या पोस्टमनला घाबरत होत्या. पाचव्या दिवशी मी जाहीर केलं की हे असं चालणार नाही. वर्षातून चार वेळा बारा-बारा दिवस मी या आजाराला फुकट देणार नाही. त्या दिवसांत घरात जे ठरलंय ते होणार, पाहुणे येणार, भांडणं होणार.

शिकायला येणाऱ्या बाया कधी विचारतात, भीती वाटत नाही? वाटते की. मॅडमना मी सरळ विचारते, परत येऊ शकतं का? त्या सरळ सांगतात, येऊ शकतं. आलं तर काय करायचं तेही त्यांनी सांगून ठेवलंय. मला ते ऐकून झोप लागते. माझ्यापासून काही लपवलेलं असतं तर लागली नसती.

तुमच्या फाईलवर जे नाव असेल ते नाव घेऊन शेजारच्या खाटेकडे, मोबाईलकडे, आत्याबाईंकडे बघू नका. नावाच्या खाली काय लिहिलंय ते विचारा. कुठली तपासणी बाकी आहे ते विचारा. नाही कळलं तर पुन्हा विचारा. बाहेर रांग असू दे.

आणि हे लिहून झालं की सगळं नीट झालं असं समजून कुणी टाळ्या वाजवू नका. गेल्या सोमवारी मी सांगलीला जाऊन रक्त देऊन आलेय. रिपोर्ट अजून आलेला नाही. फौजी म्हणत होते, तो येऊ दे, मग काय ते लिही. मी म्हटलं, कशाला? आत्तापर्यंतचं माझं आहे. उद्या सकाळी सात वाजता दोन बाया नव्या आहेत, दोघींनाही स्टिअरिंगची भीती वाटते. मला लवकर झोपायला हवं.